चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर भजन चढवताना

कॅसेट क्रोमचीच (टाइप २ टेपची) घ्या, सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची. चारही ट्रॅक (टेपवरच्या आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या) एकाच दिशेने भरतात, त्यामुळे बाजू उलटायची नाही. दुप्पट वेगाच्या मशीनवर जेमतेम १५ मिनिटं मिळतात. सोलापुरात उन्हाळ्यात धूळ फार, म्हणून बसण्याआधी हेड आणि रबरी रोलर पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

आधी पेटी, ट्रॅक १ वर. पिच नॉब (टेपचा वेग कमी-जास्त करणारा) मध्यावरच ठेवा. तो हलला तर नंतर वाजवलेली पेटी आधीच्या सुरात बसत नाही, आणि पेटी काही तबल्यासारखी ठोकून जुळवता येत नाही. मग ट्रॅक १ चं रेकॉर्ड बटण बंद करा. हे विसरलात तर पेटी पुसली जाते, परत मिळत नाही. ट्रॅक २ वर तबला घेताना पेटी हेडफोनमध्येच ऐका, स्पीकर लावला की माइकमध्ये शिरते. आवाजाची पातळी दाखवणारा काटा थापेला शून्याच्या किंचित वर गेला तरी चालेल. पंखा बंद!

गायन ट्रॅक ३ वर. टाळ आणि कोरसला जागा हवी असेल तर तिन्ही मिसळून ट्रॅक ४ वर उतरवा. ऐकून खात्री झाल्यावरच १ ते ३ वर नवं भरा. गायन थोडं जास्तच ठेवा, पुढे ते वेगळं वाढवता येत नाही.