नवा साइड सेन्सर आणण्याआधी गालिचा उचला: एअरबॅगच्या दिव्याबाबत या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजकडे एक गाडी आली. मालक खाली उतरायच्या आधीच वैतागलेले. "मिस्त्री, दोन सेन्सर बदलून झाले, ह्यो दिवा काय जाईना. आता म्हणत्यात मेन युनिटच बदला." बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड तोच: डाव्या साइड इम्पॅक्ट सेन्सरशी, म्हणजे बाजूनं बसलेला धक्का ओळखणाऱ्या सेन्सरशी, कम्युनिकेशन नाही. स्कॅनर बाजूला ठेवून मी ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या मागे गालिच्यावर तळहात दाबला. हात ओला झाला.

फोन लागला नाही म्हणून माणूस गेला असं आपण धरत नाही. रेंज बघतो, चार्जिंग बघतो. इथं मात्र 'कम्युनिकेशन नाही' वाचलं की पहिली ऑर्डर सेन्सरची जाते. ही सगळ्यात महागडी चूक. त्या कोडचा अर्थ एवढाच की एअरबॅग युनिटला (तेच मेन युनिट) सेन्सरचा आवाज ऐकू येत नाही. 'सेन्सरमध्ये अंतर्गत दोष' असा कोड असेल तर गोष्ट वेगळी: सेन्सर बोलतोय आणि मी आजारी आहे असं स्वतःच सांगतोय. तेव्हा तो खुशाल बदला. म्हणून कोडचा नंबर नव्हे, त्यापुढची ओळ पूर्ण वाचा.

बहुतेक गाड्यांत या सेन्सरला दोनच वायरी असतात. त्याच वायरींतून त्याला करंट मिळतो आणि त्याच करंटमध्ये बारीक चढउतार करून तो युनिटला माहिती पाठवतो. त्यामुळे कपलरच्या, म्हणजे वायरींच्या जोडणीच्या, पिनेवर जरासा गंज चढला, की दिवाबत्तीची वायर असती तर चालून गेलं असतं, पण इथं बोलणं बंद. काही गाड्यांत एकाच लाइनवर दोन सेन्सर मागेपुढे जोडलेले असतात. तिथं पुढच्याचा कपलर ढिला झाला तरी मागचाही गप्प होतो, आणि आपण दोन सेन्सर मागवतो.

आता पाण्याचं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आपल्याकडं सगळ्यांचे कान टवकारतात, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या अजूनही विकत मिळतात, वरून चकाचक. साइड सेन्सर बऱ्याच गाड्यांत मधल्या पिलरच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या, बुडाशी असतो, म्हणजे पाणी साचतं नेमकं तिथंच. मेन युनिट गिअरच्या आसपास फरशीवर. ते स्वतः पाण्यात गेलं असेल तर वाळवून भरवसा ठेवू नका, बदलाच. पण पूर लागतोच असं नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबते, काचेखालच्या जाळीत पाला अडकतो, दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटतो, आणि पाणी गुपचूप गालिच्याखाली जातं. वरून हात लावला तर कोरडं, खालचा फोम गच्च.

काम सुरू करताना पोरं हमखास एक चूक करतात: इग्निशन चालू ठेवून कपलर ओढतात. युनिट लगेच नवे कोड लिहून ठेवतं. एक कोड घेऊन आलेली गाडी सहा कोड घेऊन परत जाते आणि खरा कोणता ते कळत नाही. आधी सगळे कोड लिहून घ्या, आत्ताचा कोणता आणि जुना कोणता ते बघा, मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी वेळ थांबा. युनिटमध्ये साठवलेला करंट उतरायला वेळ लागतो. इग्निशन चालू असताना पिलरवर हातोडा तर अजिबात नको. सेन्सरला काय, धक्का तो धक्का.

मल्टिमीटर ओहमवर लावून एअरबॅग मोजू नका, कधीच नाही. सेन्सर ओहमवर मोजण्यातही अर्थ नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, आकडा काहीही दाखवेल. मोजायची ती वायर: सेन्सरकडचा आणि युनिटकडचा कपलर काढून दोन्ही वायरींची कंटिन्युइटी (वायर मधे तुटलीय का ते), मग त्या एकमेकींना किंवा बॉडीला लागतात का. मोजताना वायर हलवत राहा, विशेषतः दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत आणि सीटखाली. उंदरानं कुरतडलेली वायर स्थिर असताना कधीकधी नीट दाखवते.

डाव्या-उजव्याची अदलाबदल हा चांगला उपाय, पण दोन्हींचा पार्ट नंबर तोच असेल तरच. कोड सेन्सरबरोबर बाजू बदलून गेला तर सेन्सर खराब, जागच्या जागी राहिला तर आधी वायरिंग बघा.

दारात प्रेशर सेन्सर असलेल्या गाड्यांचं एक वेगळंच आहे. दारावर आदळलं की आतल्या हवेचा दाब वाढतो, तो हा सेन्सर ओळखतो. मोठे स्पीकर बसवायला दाराचा आतला पत्रा कापला किंवा पडदा फाडून तसाच ठेवला, की दिवा लागणार नाही, कोड येणार नाही, आणि दाब मात्र भोकातून निघून जाईल. मला दिवा लागलेल्या गाडीपेक्षा या गाडीची भीती जास्त वाटते.

तशीच भीती इग्निशन फिरवल्यावर जिचा एअरबॅग दिवा लागतच नाही त्या सेकंड हँड गाडीची. तो काही सेकंद लागून विझायला हवा. लागतच नसेल तर बहुधा कुणीतरी दिवाच बंद करून 'उपाय' करून ठेवलाय.

तर उद्यमनगरात आलेल्या त्या पहिल्या गाडीत दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढली, पिलरचं खालचं कव्हर सोडवलं. कपलर उघडला तर एका पिनेवर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज, आणि आधीच्या कुणीतरी वायर पिळून काळी टेप गुंडाळलेली. त्या टेपमध्येही पाणी. टेप फेकली, कंपनीच्या पद्धतीनं नवा कपलर वायरीसकट जोडला, एसीची नळी मोकळी केली, फोम दोन दिवस उन्हात टाकला. सेन्सर बसवताना पत्र्यावरचा गंज साफ करून बोल्ट ठरल्या मापानं आवळला, कारण ढिला सेन्सर धक्का नीट पकडत नाही.

मालकांनी पहिला, मूळचा सेन्सर डिकीत कापडात गुंडाळून ठेवला होता. म्हटलं, आणा तोच. लावला, कोड पुसले, इग्निशन फिरवली. दिवा लागला, विझला.

"मग ह्या दोन नव्यांचं काय करू?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.