तेढ पडलेल्या गावात सलोख्याची बैठक कशी घ्यावी

गावात तेढ पडली की सगळ्यांना पारावर गोळा करून हात मिळवायला लावण्याची घाई होते. ती टाळा. तहसीलदार, ठाणेदार, पुढारी समोर असताना मिळवलेले हात बैठक उठताच सुटतात, आणि ज्याला मार बसला त्याला आपलं कुणी ऐकलंच नाही असं वाटत राहतं.

आधी तीन-चार आठवडे वस्तीवस्तीत जाऊन बसा. प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारा: काय बंद झालंय, आणि भीती कशाची वाटते? उत्तरं रोजच्या व्यवहाराची मिळतील. गिरणीवर दळण घेत नाहीत, किराणा उधार देत नाहीत, बटईची जमीन काढून घेतली, जीपवाला थांबत नाही. २०२३ पासून आरक्षणाच्या वादात मराठा आणि ओबीसी कुटुंबांमध्येही कुठं कुठं ‘कुणाच्या दुकानात जायचं’ हा प्रश्न आला. ही यादी वहीत उतरवा. बैठकीत बोलायचं ते यादीवर; ‘एकोपा’ या विषयावर बोलायला बसलात तर फक्त भाषणं होतील.

याच वस्त्यांमध्ये जुन्या गोष्टीही निघतात. १९४८ च्या पोलीस ॲक्शनचे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजा आल्या त्या वेळचे, दिवस निघतात. १९७८ निघतं, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाल्यावर दलितांची जाळलेली घरं निघतात. ‘ते सोडा आता’ म्हणू नका. वस्तीत बोलून झालं की एकत्र बैठकीतला ताण कमी होतो.

काम सर्वात जास्त मोडतं ते केसपायी. तंटामुक्तीच्या नावाखाली पहिलीच अट येते, ‘ॲट्रॉसिटी मागे घ्या’, आणि दबावासाठी उलट केसही पडते. दलितांवर घातलेला सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे; गावच्या समितीनं मिटवायची ती गोष्ट नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन्हीकडे स्पष्ट सांगा: केस कोर्टात चालेल, आपण दळणाचं, रस्त्याचं, पाण्याचं बघू. हे न सांगता बैठक घेणं म्हणजे फिर्यादीवर अन्याय आहे.

वेळ नीट निवडा. बीडकडं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली माणसं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. डिसेंबरात बैठक लावली तर निम्मी वस्ती गावातच नसते. जून-जुलैत पेरणी. बैठक घ्या ती गुढीपाडव्यापासून मे अखेरपर्यंत, संध्याकाळी, बाजाराचा दिवस सोडून.

जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची. देवळात, वाड्यावर, पक्षाच्या कार्यालयात नको. सगळे एकाच सतरंजीवर. दोन खुर्च्या आल्या की मोठेपण सुरू होतं. दोन्हीकडचे मिळून पंधरा जण पुरेत. बायकांशी आदल्या दिवशी वेगळं बोला, कारण सासऱ्या-दिरांसमोर त्या खरं सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांना बैठकीतही बसवा. चालवणारा शेजारच्या गावचा, गावात ठेका किंवा उधारी नसलेला असावा. चहा दोन्ही घरांतून आणा आणि कोण कुणाच्या हातचा घेतो ते न बोलता बघा. नाही घेतला तर तिथल्या तिथं आग्रह करू नका, तो मुद्दा वस्तीत जाऊन काढा.

जयंती, उरूस, विसर्जनाची बोलणी महिनाभर आधी करा. मिरवणूक मशिदीसमोर किंवा बुद्धविहारापाशी किती वाजता येईल, नमाजाची वेळ कोणती, तिथं वाद्य थांबणार का, सोबत दोन्हीकडचे कोण चालणार, हे कागदावर लिहून सह्या घ्या. तोंडी ठरलेलं डीजे सुरू झाल्यावर कुणाला आठवत नाही.

व्हॉट्सॲपसाठी प्रत्येक बाजूचे दोघे नेमा. अफवा आली की अर्ध्या तासात एकमेकांना फोन, आणि खुलासा ज्याच्या त्याच्या ग्रुपवर त्यांच्याच माणसानं टाकायचा. समोरच्या जातीच्या माणसाचा खुलासा कुणी वाचत नाही.

महिन्यानं वही घेऊन पुन्हा जा. दळण सुरू झालं का, हे गिरणीवाल्याला विचारू नका. डबा डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईला विचारा. सुरू नसेल तर पुढच्या बैठकीत तेवढाच एक मुद्दा घ्या.