लेहला सायकल न्यावी की तिथेच भाड्याने घ्यावी

आमच्या साताऱ्याच्या सायकलिंग ग्रुपमध्ये दर उन्हाळ्यात हा प्रश्न निघतो. रविवारी समर्थ मंदिरापासून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर चहाला थांबायचं, आणि तिथे कुणीतरी म्हणतंच, "ताई, लेहला स्वतःची सायकल नेऊ की तिथे घेऊ?" लगेच बाकीचे पैशांचा हिशेब मांडायला बसतात. मी एकदा स्वतःची नेली आहे, एकदा भाड्याने घेतली आहे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे नंतर मोजा. आधी आपली उंची मोजा, मग रजा मोजा.

माझी उंची पाच फूट एक इंच. भाड्याच्या दुकानात मला भेटल्या त्या सगळ्या एम आणि एल मापाच्या सायकली. दुकानदार म्हणाला, "सीट खाली करून देतो." सीट खाली होते हो, पण हँडल काही जवळ येत नाही. संध्याकाळी मान आणि मनगटं हिशेब चुकता करतात. म्हणून फोन कराल तेव्हा दिवसाचं भाडं विचारायच्या आधी फ्रेमचं माप विचारा. सायकलवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर वरच्या नळीच्या वर दोन-तीन इंच जागा उरली पाहिजे. खडबडीत उतारावर अचानक पाय टेकावा लागतो, तेव्हा या दोन इंचांची किंमत कळते. तुमचं माप मिळत नसेल तर पुढचं गणित करूच नका, स्वतःची न्या.

आता रजा. मी बँकेत आहे, सलग आठ दिवस मिळाले तरी नशीब. सातारा सातशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजार. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय होईपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. जाण्यायेण्याचे दोन दिवस आणि परतीच्या पॅकिंगला अर्धा वजा करा. हातात उरतात जेमतेम साडेतीन दिवस! एवढ्यासाठी सायकल भरलेला खोका वाहण्यात अर्थ नाही, भाड्याने घ्या. पाच दिवसांच्या वर खरंच चालवणार असाल तरच स्वतःची. खर्च काढायचाच तर असा काढा: जाता-येताचं जादा वजनाचं भाडं, अधिक पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतच्या मोठ्या गाडीचं भाडं (साताऱ्यात विमानतळ नाही, आणि खोका बसच्या डिकीत घालायला मागेपुढे पाहतात), या बेरजेला तिथल्या रोजच्या भाड्याने भागा. जो आकडा येईल तितक्या दिवसांपेक्षा कमी चालवणार असलात तर नेणं महाग.

वजनाचंही ऐका. देशातल्या बहुतेक विमानांत चेक-इनला १५ किलो मोफत असतं. माझी सायकल साडेतेरा किलो, खोका तीन, फोम आणि पाने दीड. म्हणजे साडीचोळी न भरताच अठरा. कंपनीगणिक नियम वेगळे, काहींकडे सायकलचा स्वतंत्र दर असतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी विचारा.

भाड्याने घेत असाल तर हेल्मेट, पेडल आणि शक्य असेल तर सीट घरून न्या. ही तीन मिळून दोन किलोही होत नाहीत आणि परकी सायकल निम्मी आपली होते. सीटची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा: पेडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या धुऱ्याच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझी ६२.५.

दुकानात सायकल घेताना घाई करू नका. मी केली होती. मागून वाकून पाहायला हवं होतं, की मागच्या गिअरच्या, चेन ज्यांवरून जाते त्या दोन छोट्या चक्र्या वरच्या दातेरी चकतीच्या सरळ रेषेत आहेत का. नव्हत्या. हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, आत वाकलेला. शांती स्तूपाच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन आऱ्यांत जाऊन अडकली. बाकी तपासणी दोन मिनिटांची: पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलखाली खटखट नको. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, हाताने आडवा हलवा, तोही डुगडुगायला नको. ब्रेकची दांडी दाबून पाहा, हँडलला टेकायला नको. सगळ्या ओरखड्यांचे दुकानदारासमोर फोटो काढा. परदेशात घेणार असाल तर आणखी एक: युरोपात बहुतेक ठिकाणी पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो, आपल्या सवयीच्या उलट. पहिला तास सपाटीवरच काढा.

आता स्वतःची न्यायची ठरली, तर खोका विकत घेऊ नका. सायकलच्या दुकानात नव्या सायकलीचा पुठ्ठ्याचा खोका पडलेला असतो. त्यातच पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) टोकांत घालायचा प्लास्टिकचा तुकडा मिळेल, तोही मागून घ्या. चाक काढलेला फोर्क दाबला गेला तर वाकतो. फ्रेमला गुंडाळायला प्लंबिंगच्या दुकानातला काळा फोमचा पाइप उत्तम.

पेडल निघत नाहीत ही सगळ्यांची तक्रार. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आमच्या मेकॅनिक मामांनी मला सोपं सांगितलं: "ताई, पाना वर उभा धरा आन् मागच्या चाकाकडं वढा. दोनीकडं त्येच." तेव्हापासून विसरले नाही. मागचा गिअर पाच एमएमच्या एलन कीने सोडवून फोममध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. सुटा हँगर एक जवळ ठेवाच, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तिथे मिळेलच असं नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. मी घातली नव्हती. खोक्यात कशाने तरी ब्रेकची दांडी दाबली गेली आणि लेहला उतरल्यावर पॅड चिकटलेले. चमच्याच्या दांडीने अर्धा तास ते मोकळे करत बसले.

टायरमधली हवा थोडी कमी करा, पण पूर्ण काढू नका. रिमला आधार हवा. लेहला पोचल्यावर हवेचा दाब मोजायचं गेज पुन्हा लावा. बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे साताऱ्यात २४ पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला टायर तिथे चारेक पीएसआय जास्त दाखवतो. पाने खोक्यात, पॉवर बँक आणि लाइट हातातल्या बॅगेत, टायर फुगवायची सीओटू काडतुसं घरी. कासच्या जांभ्याचा लाल चिखल घासून काढा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्यांना हे सक्तीचंच समजा, तिथे टायरवरची माती तपासतात. चिकटपट्टीचा एक रोल बाहेर ठेवा, तपासणीला खोका उघडावा लागू शकतो. उतरल्यावर विमानतळाबाहेर पडायच्या आधीच खोका पाहून घ्या. तक्रार तिथेच लिहून द्यायची.

परतीची सायकल दुसऱ्या दिवशी हवीच आहे अशा बेतात राहू नका. विरळ हवेमुळे लेहहून उडताना विमानाच्या वजनावर बंधन असतं, मोठं सामान मागून येऊ शकतं.

आणि खोका घडी करून मुक्कामाच्या ठिकाणी ठेवाल तेव्हा "फेकू नका" एवढ्यावर थांबू नका, त्यावर काही पसरू नका असंही सांगा. मी चार दिवसांनी परतले तर घरमालकिणीने गच्चीवर माझा खोका अंथरून त्यावर जर्दाळू वाळत घातले होते. ते जर्दाळू उचलायला सांगायचा धीर झाला नाही. बाजारातून दुसरा आणला, तो दोन इंचांनी लहान निघाला. पुढच्या टायरची हवा पूर्ण काढली, सीट सुटी केली, तेव्हा कशीबशी बसली.