कर्बल स्पेस प्रोग्राम: मॉड वापरलेल्या यानाला लेबल कसं लावायचं

कर्बल स्पेस प्रोग्राम या यानं बांधायच्या गेममधलं यान शेअर करताना नावाच्या सुरुवातीलाच चौकटी कंसात 'स्टॉक' (फक्त मूळ गेमचे भाग), 'डीएलसी' (विकतच्या अधिकृत विस्तारांचे भाग) किंवा 'मॉडेड' (मॉडचे, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांचे भाग) लिहा. मेकिंग हिस्ट्री किंवा ब्रेकिंग ग्राउंड या डीएलसींचा एकही भाग असेल, तर ते यान स्टॉक नाही.

मॉड नक्की कोणते, हे आठवणीवर सोडू नका. सेव्हच्या (साठवलेल्या खेळाच्या) फोल्डरमधल्या 'शिप्स'मध्ये व्हीएबी (रॉकेटं) किंवा एसपीएच (विमानं) हा फोल्डर उघडा. यानाची क्राफ्ट फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. वरच गेमची आवृत्ती दिसते (उदा. 1.12.5), खाली 'पार्ट' या शब्दापुढे प्रत्येक भागाचं नाव. मॉडचं नाव आणि आवृत्ती वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्या. तळाशी कोणी वाचत नाही.

भागच नसेल तर गेम यान उघडत नाही आणि काय कमी आहे ते सांगतो. त्यापेक्षा ट्वीकस्केल हा भागांचं माप बदलणारा मॉड जास्त दगा देतो: तो नसला तरी यान उघडतं, पण वाढवलेली टाकी मूळ मापावर येते आणि सगळी जुळणी विस्कटते. म्हणून 'ट्वीकस्केल आवश्यक' असं ठळक लिहा.

मेकजेब या ऑटोपायलट मॉडचा डबा नुसता सोयीसाठी चिकटवला असेल, तर काढूनच फाइल द्या. ढग-प्रकाशाचे मॉड फक्त फोटोपुरते. त्यांना लेबल नको.