सतार घेताना पैसे नेमके कुठे बुडतात? खान्देशातल्या पालकांनो, या चुका टाळा

कपाशीचे पैसे हाती आले की दोन-चार पालक माझ्याकडे येतात. "सर, पोरीला सतार घ्यायचीय. कितीपर्यंतची घेऊ?" केळीवाले असोत की नोकरीवाले, प्रश्न तोच. माझा उलटा प्रश्न असतो: आत्ताच कशाला?

आधी स्वस्त, मग चांगली

सगळ्यांत महाग पडते ती हीच चूक, आणि ती मीही केली आहे. "शिकण्यापुरती" म्हणून एका मोठ्या शहरातल्या दुकानातून चकचकीत, नक्षीदार सतार उचलली. सव्वा वर्षात दांडी वाकली. वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, तार इतकी उचललेली, की दाबताना बोट सोलून निघायचं. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "नक्षीचे पैसे असतात हो, विकायला गेलं की ते मिळत नाहीत."

त्यापेक्षा पहिलं वर्ष भाड्याच्या किंवा उसन्या सतारीवर काढा. जळगाव, धुळे, अमळनेरकडे कितीतरी घरांत कपाटावर खोळीत गुंडाळलेली एखादी सतार पडून असते. आत्याने लग्नाआधी वाजवलेली. गाण्याच्या क्लासात विचारत राहा. नव्या तारा चढवल्या, जवारी काढली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद मोकळा केला, की अशी सतार पुष्कळदा दुकानातल्या नव्या स्वस्त सतारीला मागे टाकते. तिच्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर मात्र व्यवहारात पडू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अडचणीचं आहे.

फोटो पाहून मागवणं

भुसावळ-जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरजेला जाते. तिथे एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार घराण्यातले कारागीर तंतुवाद्यं घडवत आले आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका तिकिटाच्या पैशात कारागिरासमोर बसता येत असताना कुरिअरने भोपळा मागवण्यात काय हशील? जाताना वाजवणारा माणूस सोबत न्या. त्याचं तिकीट तुम्हीच काढा.

तिथे गेल्यावर नक्षीकडे बघू नका. सतार डोळ्यासमोर आडवी धरा आणि भोपळ्याकडून दांडीवरून नजर टाका. बाक लगेच दिसतो. मग बाजाची तार, म्हणजे जिच्यावर मुख्य वादन होतं ती, प्रत्येक पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून छेडा. एखादाच पडदा ठसका देत असेल तर तो दुरुस्त होतो, पण वरचे सगळेच बोलत नसतील तर दोष दांडीत आहे. मध्यावरच्या पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड ओढून पाहा, म्हणजे तार आडवी खेचत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जा. तार पुढच्या पडद्याला घासून मध्येच आवाज मरतो का, ते कान देऊन ऐका. घोडीवर तारांखाली खोल चरे पडले असतील तर जवारी नव्याने काढावी लागेल, तो खर्च भावात धरा. आणि कारागिराला सरळ सांगा, "नक्षी कमी करा, लाकूड चांगलं घाला."

हप्त्याच्या आकड्याला भुलणं

समजा, ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले. सरसकट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, व्याज असेल तर २१,६०० रुपये जातात. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, तेच साधारण ११,७०० होतात. दोन्हीकडे कागदावर "१२ टक्के"च लिहिलेलं! पतपेढीत सही करण्यापूर्वी एवढंच विचारा: "व्याज घटत्या शिलकीवर आहे का?" नाहीतर सरळ भिशी लावा, घाई नसेल तर तीच बरी.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर कर्ज काढू नका. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची १० ते १४ वयोगटासाठी आहे, संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ साठी, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. अर्ज जरूर करा, पण पैसे हप्त्यांनी येतात आणि कारागीर रोख मागतो.

घरी आणल्यावर

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकला की लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, आणि पालकांचा फोन येतो, "सर, सतार बिघडली." बिघडलेली नसते. खुंटीला थोडा खडू चोळा, आत दाबत फिरवा, बसते. पावसाळ्यात उलट ती गच्च अडकते; तेव्हा पकडीने पिळू नका, खुंटीची मान मोडेल. कूलरच्या झोतात सतार ठेवू नका, तारांना गंज धरतो आणि सूर दर तासाला हलतो.

पत्र्याच्या खोलीत तर नकोच. माझी दुसरी सतार एका उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत राहिली आणि भोपळ्याला बोटभर चीर गेली. मिरजेच्या कारागिराने ती छान बुजवली, वरून दिसतही नाही. पण खर्जाची, म्हणजे खालच्या सुराची, तार जोरात छेडली की अजून किंचित खरखर येते. नवे विद्यार्थी आले की मी ती त्यांना ऐकवतो.