चिंतेची प्रश्नावली मराठीत आणलीत, आता ती तपासायची कशी?

प्रबंधाचे दिवस आले की विद्यार्थी माझ्याकडे एक्सेलची फाइल घेऊन येतात. अनुवाद झालेला असतो, दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते आणि मागणी एवढीच असते, "मॅडम, क्रॉनबॅकचा अल्फा काढून द्या." अल्फा ०.८५ आला की सगळे खूश. पण अल्फावरून एवढंच कळतं की प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत. ती उत्तरं चिंतेची आहेत, थकव्याची आहेत की नागपूरच्या उन्हाळ्याची, हे त्यातून कळत नाही. मी नागपुरात मानसोपचाराच्या ओपीडीत चाचण्या घेते. हे काम मी ज्या क्रमाने करते, तो इथे देते आहे.

सगळ्यात आधी, त्या प्रश्नावलीचं मराठी रूप कुणी केलेलं आहे का ते शोधा. असेल तर नवा अनुवाद करत बसू नका, तेच तपासा. मग हक्कांचं पाहा. जीएडी-७ ही चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली २००६ साली आली आणि ती परवानगीशिवाय मोफत वापरता येते. बेक यांची चिंतेची २१ प्रश्नांची (१९८८) आणि हॅड्स ही चिंता व नैराश्य दोन्हींची १४ प्रश्नांची (१९८३) यांचे हक्क राखीव आहेत. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय त्यांच्या अनुवादाला सुरुवात करू नका.

अनुवाद दोघांनी वेगवेगळा करावा. त्यातला एक जण वैद्यकाच्या बाहेरचा असावा. दोन्ही रूपं समोर ठेवून एक करायचं, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं. हा उलटा अनुवाद मुळाशी जुळला म्हणून हुरळून जाऊ नका. हुशार भाषांतरकार कृत्रिम मराठीतूनही मूळ वाक्य बरोबर ओळखतो.

खरं काम यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेच बहुतेक प्रबंधांत एका ओळीत उरकलेलं असतं. दहा-पंधरा माणसांसमोर बसायचं आणि एकेक प्रश्न त्यांना कसा समजला ते ऐकायचं. ही माणसं कॉलेजची पोरं नकोत. कॉटन मार्केटमध्ये भाजी विकणारी बाई, अजनीचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, महालातली गृहिणी, नुकती कामाला लागलेली आशाताई, असे लोक निवडा. "समजलं का?" असं कधीही विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "काकू, हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा बरं", "हेच उत्तर का निवडलं?", "परवाचं एखादं उदाहरण द्या" असं विचारा.

भाजी विकणाऱ्या एका काकूंना मी 'वेगवेगळ्या गोष्टींची फार चिंता करणे' हा प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी 'जवळजवळ रोज' सांगितलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचं लगन ठरलं, हातात पैसा नाही. चिंता नाही करीन तं काय करीन?" मी विचारलं, "मग गिऱ्हाईक आलं तरी ती डोक्यात फिरतच राहते का?" "नाही वं, तवा इसरते." चिंता थांबवता न येणे हा जीएडी-७ मधला वेगळा प्रश्न आहे. काकूंना हे दोन प्रश्न वेगळे करता आले, म्हणजे तिथे अनुवाद टिकला. पुढच्या तीन-चार जणांना ते दोन्ही एकच वाटले, तर शब्द बदला आणि नव्या माणसांना विचारा. प्रत्येक बदल तारखेसकट आणि कारणासकट वहीत लिहा.

उत्तरांचे पर्याय प्रश्नांइतकेच त्रास देतात. 'गेल्या दोन आठवड्यांत अर्ध्याहून जास्त दिवस' हा हिशेब पुष्कळांना तोंडी जमत नाही. मी कागदावर चौदा चौकोन काढते आणि सगळ्यांना आठवेल असा दिवस धरते. भाद्रपदात काम चालू असेल तर "मारबत निघाली त्या दिवसापासून आजपर्यंत" म्हटलं की (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची इथली मिरवणूक) पूर्व नागपुरातल्या कुणालाही दिवस मोजता येतात. चौकोन वापरले तर मात्र ते सगळ्यांसाठी वापरा आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं लिहा. वाचून दाखवायचं की स्वतः भरायला द्यायचं, हेही एकदा ठरवलं की मध्येच बदलायचं नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत मराठी आणि हिंदी एकत्रच चालते, म्हणून घरी काय बोलता ते पहिल्याच पानावर नोंदवा.

आता उन्हाळ्याचं. बेक यांच्या प्रश्नावलीत गरम होणं, घाम, चक्कर अशी शरीराची लक्षणं बरीच आहेत. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा कुणालाही यात गुण मिळतात. "आता गरम नाही होणार तं कधी होईन, मॅडम?" हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. प्रश्नावली भरवशाची आहे का हे पाहायला ती त्याच माणसांकडून दोनदा भरून घेतात. पहिली फेरी मेमध्ये आणि दुसरी पाऊस पडल्यावर घेतली तर आकडे खाली येतील आणि तुम्हाला वाटेल की प्रश्नावली भरवशाची नाही. शक्य असेल तर एप्रिल ते जून टाळा. टाळता येत नसेल तर दोन्ही फेऱ्या एकाच ऋतूत घ्या. पाळी जाण्याच्या वयातल्या बाया आणि थायरॉइडचे रुग्ण यांची वेगळी नोंद ठेवा, कारण त्यांच्याकडे ही लक्षणं दुसऱ्याच कारणाने असू शकतात.

दुसरी फेरी साधारण दोन आठवड्यांनी घ्या आणि मधल्या काळात ज्यांचा औषधोपचार बदलला नाही त्यांचीच घ्या. दोन फेऱ्यांची तुलना करताना साधा पिअर्सन सहसंबंध काढू नका. सगळ्यांचे गुण तीन-तीनने उतरले तरी तो १ च येईल. दोन फेऱ्यांतले गुण प्रत्यक्ष किती जुळतात हे सांगणारी आयसीसी काढा, 'अॅब्सोल्यूट अॅग्रीमेंट' प्रकारची. ती ०.७ च्या वर हवी.

लोक किती घ्यावेत? प्रश्नामागे दहा ही जुनी रीत सात प्रश्नांना सत्तरवर थांबते आणि तेवढ्याने भागत नाही. घटक-विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एकत्र एकच गोष्ट मोजतात हे पाहणं, करायचं तर दोनशेच्या पुढे जा. चार पायऱ्यांची उत्तरं सरळ मोजमाप असल्यासारखी वापरू नका, क्रमवार उत्तरांसाठी असलेली पद्धत निवडा.

कटऑफ, म्हणजे किती गुणांपासून चिंतेचा आजार असावा असं धरायचं तो आकडा, ठरवायला मानसोपचारतज्ज्ञांची रचनाबद्ध मुलाखत लागते, उदाहरणार्थ मिनी ही ठरलेल्या प्रश्नांची निदानाची मुलाखत. मुलाखत घेणाऱ्याला गुण कळता कामा नयेत. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांच्या फरकाने व्हाव्यात. एक चूक सर्रास दिसते. एका बाजूला ओपीडीतले गंभीर रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला नर्सिंगच्या धडधाकट मुली घेतल्या की आजारी आणि निरोगी किती नीट वेगळे होतात हे दाखवणारा आरओसीचा आलेख देखणा येतो. प्रत्यक्षात ही प्रश्नावली वापरली जाणार असते ती साखर, बीपी किंवा पोटदुखीसाठी आलेल्या माणसावर, ज्याला चिंता आहे की नाही हे वरून दिसत नाही. तसेच लोक घ्या.

आणि मूळ कटऑफ उचलून आणू नका. जीएडी-७ च्या मूळ अभ्यासात १० गुणांवर संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण पकडले गेले) ८९ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले गेले) ८२ टक्के होती. तुर्की रूपाची तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिथे ८ हा आकडा योग्य ठरला. प्रश्न सातच, फरक दोन गुणांचा. यात भाषेचा वाटा असेल, निवडलेल्या लोकांचाही असेल. तुर्कस्तानात तपासलेलं तुर्की रूप बर्लिनमधल्या तुर्की कुटुंबांना जसंच्या तसं लागू होईल असं धरता येत नाही. मग पुण्यात तपासलेलं मराठी रूप नागपुरात आणि पुढे गडचिरोलीच्या खेड्यांत चालेल, असं आपण तरी कसं धरायचं?

पहिल्या माणसाला पहिला प्रश्न विचारण्याआधी आणखी एक तयारी हवी. चिंतेबद्दल कुणी आपुलकीने विचारलं की लोक मोकळे होतात, रडतात, कधी जीव नकोसा झाल्याचं बोलतात. मनोरुग्णालयाजवळच्या पागलखाना चौकाच्या नावावरूनच आजार ओळखणाऱ्या या शहरात ते पहिल्यांदा कुणापाशी बोलत असतात. अशा वेळी फॉर्म बाजूला ठेवायचा. त्या दिवशी कोणते डॉक्टर हजर आहेत आणि कुठे बसतात हे तुम्हाला माहीत हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर प्रत्येकाच्या हातात देण्याच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात छापा. अर्धवट राहिलेला फॉर्म 'अपूर्ण' म्हणून नोंदवा, पण त्या माणसाला त्यासाठी परत बोलावू नका.