मुंबईत पहिल्यांदा शॉपिंगला येताय? मग सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून करा

सीएसएमटीला उतरा, टॅक्सी अजिबात करू नका, दहा-पंधरा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट येतंच. बिल्डिंग १८६९ ची, नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई, पण रस्ता विचारताना क्रॉफर्डच म्हणा. आत फळं, सुकामेवा, चॉकलेटं, केक बनवायचं सामान, पण पहिल्याच दुकानात घेऊ नका, एक चक्कर मारा आणि मग भाव करा, निम्म्यापासून सुरू केलं तरी कोणी मारत नाही.

तिथून शेजारीच मंगलदास मार्केट, ड्रेस मटेरियल आणि कापडाच्या गल्ल्याच गल्ल्या, आत गेलं की दिशा कळत नाही त्यामुळे गेटजवळची एखादी खूण लक्षात ठेवा. लाइटिंग हवं तर लोहार चाळ, सोनं बघायचं तर झवेरी बाजार, सगळं चालत. रविवारी मात्र या भागात जाऊ नका, बरंच बंद असतं.

चोर बाजार म्हणजे मटण स्ट्रीट, जुने ग्रामोफोन, पोस्टर, घड्याळं वगैरे. तिथे उलट, सुट्टी शुक्रवारी. आणि 'अँटिक' म्हटलं की लगेच विश्वास ठेवायचा नाही हं, बरंचसं नव्यानेच जुनं केलेलं असतं :)

कुलाबा कॉजवे टूरिस्ट लोकांचं, त्यामुळे भाव चढे. लग्नाच्या साड्या असतील तर सरळ दादर गाठा.

कॅश सुट्टी ठेवा, बॅग पुढे घ्या, आणि संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये पिशव्या घेऊन चढायचा विचारही करू नका.